पंधरा सेकंदांची विश्रांती

माझं नाव बबलू. वय बावन्न. शाळेच्या दाखल्यावर वेगळं नाव आहे, पण त्या नावाने कोणी हाक मारली तर मीच मागे वळून बघतो, कोणाला बोलावतायत म्हणून.

सिकंदराबादला आमची कंपनी आहे. आम्ही टोकनचे बोर्ड बनवतो. दवाखान्यात लाल अक्षरांत ‘टोकन ४७, खोली ३’ दिसतं आणि अठ्ठेचाळीसवाला उगाच उठून उभा राहतो, तो बोर्ड आमचा. बोर्डाच्या मागे साबणाच्या वडीएवढा कॉम्प्युटर असतो. त्या कॉम्प्युटरच्या तब्येतीचं बघणारा हार्डवेअर विभाग म्हणजे मी. विभागात दुसरं कोणी नाही. मी रजेवर गेलो की विभाग रजेवर जातो.

आता गोष्ट कळायला एवढं कळलं पाहिजे. वीज आली की त्या कॉम्प्युटरमध्ये सगळ्यात आधी कर्नेल, म्हणजे त्याचा मूळ प्रोग्राम, उठतो. उठल्या उठल्या त्याच्या हातात एक ओळ ठेवली जाते. घरातून निघणाऱ्या माणसाला दारातून सांगतात ना, डबा घे, छत्री घे, येताना कोथिंबीर आण, तशी. अमुक डिस्क वापर, स्क्रीनवर जास्त बडबड करू नको, वगैरे. ही ओळ एका छोट्या फायलीत लिहून ठेवलेली असते आणि ती कोणीही बदलू शकतो. म्हणजे मीही.

कर्नेलचा एक गुण मला फार आवडतो. ओळीत त्याला न कळणारं काही लिहिलं तर तो भांडत नाही. नोंदीत एक बारीक ओळ टाकतो आणि ते न कळलेलं पुढच्या प्रोग्रामकडे ढकलून देतो. सरकारी कचेरीत काम करायला पाहिजे होतं त्याने.

सहा वर्षांपूर्वी आमच्याकडे हेमंत साहेब मॅनेजर म्हणून पुण्याहून आले. माणूस चांगला. पण बोर्ड चालू केला की टेबलावर बोटं वाजवायचे. चारही बोटं. तबला नव्हे, पत्र्यावर गारा. “चला, चला, चला, किती वेळ?” बोर्ड बिचारा उठतोय, अठरा सेकंद लागतात, तेवढ्यात माझं डोकं उठायचं.

म्हणून एक दिवस मी त्यांच्या टेबलावरच्या बोर्डाच्या त्या ओळीत शेवटी लिहिलं: रूटडिले बरोबर पंधरा. याचा अर्थ, बाबा कर्नेल, डिस्क उघडायच्या आधी पंधरा सेकंद नुसता थांब. कशासाठी? कशासाठीच नाही. साहेबांची बोटं दमतात का बघायला.

आणि कोणी काढू नये म्हणून वर एक शेरा टाकला: ‘काढू नये. हार्डवेअर विभागाच्या सूचनेनुसार.’ एक शब्द खोटा नव्हता. विभाग मी, सूचना माझी.

बोटं दमली नाहीत. दोन आठवड्यांनी मी काढणार होतो, पण तेवढ्यात कारखान्यात ज्यावरून कॉप्या काढतात ते मास्टर मेमरी कार्ड खराब झालं आणि घाईत कोणीतरी साहेबांच्या टेबलावरच्या बोर्डाचं कार्ड मास्टर म्हणून उचललं. त्याच्या कॉप्या निघाल्या. कॉप्यांच्या कॉप्या निघाल्या. आज आंध्र-तेलंगणात आमचे अकराशे बोर्ड आहेत आणि अकराशेच्या अकराशे रोज उठताना पंधरा सेकंद छताकडे बघत बसतात.

मला वाटलं कोणीतरी विचारेल. कोणी विचारलं नाही. शेरा वाचायचे आणि मान हलवायचे. मग कारणं यायला लागली. कोण म्हणे आपल्याकडे व्होल्टेज वरखाली होतं, ते बसायला पंधरा सेकंद लागतात. कोण म्हणे चिप तैवानची आहे, तिला इथली हवा मानवत नाही. आणि साहेबांनी तर त्याचं प्रेझेंटेशन केलं. मोठ्या निळ्या अक्षरांत, ‘फिफ्टीन सेकंद स्टॅबिलिटी प्रोटोकॉल’. प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवायचे. मी बाजूला उभा राहून मान डोलवायचो. सहा वर्षं डोलवली. एवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

तर असं सगळं छान चाललं होतं, आणि गीता आली.

गीता आमच्या सूर्यभानभाऊंची मुलगी. भाऊ मूळचे परभणीकडचे, सिकंदराबाद स्टेशनात रूळ बदलणारा पॉइंट्समन म्हणून आयुष्य काढलं, आता रिटायर. आमच्याच गल्लीत राहतात. रोज संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर माझा चहा असतो. गीताला नोकरी लावताना साहेबांकडे शब्द मीच टाकला होता. सहा महिने प्रोबेशन, मग पक्की.

पोरगी कामाची निघाली. बोर्ड चालू व्हायला एकेचाळीस सेकंद लागायचे, कारण सहा वर्षांत ज्याला जे वाटलं ते त्यात कोंबलं होतं. तिने एकेक नको ते बंद करत तेहेतिसावर आणलं. आणि नेमकं तेव्हाच एका मोठ्या दवाखान्याचं काम आलं. चौदा शाखा. अट एकच: वीज जाऊन जनरेटर लागला की वीस सेकंदांत बोर्डावर नंबर दिसला पाहिजे, नाहीतर रांगेत हाणामारी होते. गुरुवारी त्यांचा माणूस स्वतः बघायला येणार. शनिवारी गीताचं प्रोबेशन संपणार.

सोमवारी साहेब तिला म्हणाले, “गीता, वीस म्हणजे वीस. नाही जमलं तर कन्फर्मेशनचं आपण नंतर बघू.”

आमच्या कंपनीत ‘नंतर बघू’ म्हणजे खुर्ची रिकामी करा. सगळ्यांना माहीत आहे.

गीता म्हणाली, “सर, जमलंय. रूटडिले काढलं की अठरा होतात. मी दोनशे वेळा रीस्टार्ट करून बघितलं, एकदाही फेल नाही.”

साहेबांनी चष्मा काढला. “दोनशे वेळा कुठे? इथे, एसीत. वरंगळला मे महिन्यात?”

“सर, पण ते का घातलंय हेच कुठे लिहिलेलं नाही.”

“लिहिलंय ना. हार्डवेअर विभागाच्या सूचनेनुसार.”

“विभाग म्हणजे बबलूकाकाच आहेत सर.”

“आत्ता आहेत. तेव्हा कोण होतं कोणास ठाऊक.”

तेव्हाही मीच होतो. साहेब तेव्हाही होते. आम्ही रोज एकत्र डबा खायचो.

लपवून काढायचीही सोय नव्हती. साहेबांना कॉम्प्युटरची एकच आज्ञा टाइप करता येते, कर्नेलला दिलेली ओळ दाखवणारी. खास त्या पंधरासाठी शिकलेत. कुठलाही बोर्ड बाहेर जायच्या आधी स्वतः टाइप करतात, पंधरा दिसले की यादीवर बरोबरची खूण करतात आणि समाधानाने पाणी पितात.

त्या संध्याकाळी ओट्यावर भाऊंनी बशी माझ्यापुढे सरकवली. “बबलू, पोरगी जेवंना झाली. हापिसात काय झालंय?”

“काही नाही भाऊ. जरा काम आहे.”

“शनिवारी पक्की व्हायली नव्हं?”

“हौ.”

“तू हायेस म्हनून मला घोर नाही,” भाऊ म्हणाले.

त्या चहाला चव नव्हती. साखर बरोबर होती, मी विचारलं.

मंगळवारी सकाळी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो, दार लावलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ऑफिसात सरळ खरं बोललो.

“साहेब, ते पंधरा सेकंद मीच घातलेत. गंमत म्हणून. तुम्ही बोटं वाजवायचे ना, त्यासाठी.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मग हसले.

“बबलूजी, आज नको हं. आज खरंच टेन्शन आहे.”

“साहेब, आईशप्पथ.”

“बायोमेट्रिक मशीनला आता डावा अंगठा लावायचा, अशी नोटीस लागली होती. तेव्हाही तुम्ही आईशप्पथच म्हणाला होतात.”

हे बरोबर होतं. दोन दिवस अर्धी कंपनी गैरहजर लागली होती.

“आणि टाकीच्या पाण्याचं व्हर्जन बदललंय, म्हणून वॉचमनकडून ओटीपी घ्यायला लावलात मला.”

“ते वेगळं साहेब. हे खरं आहे.”

“बबलूजी, दोन हजार एकोणीसला मी एका कस्टमरला या पंधरा सेकंदांमागचं सायन्स तासभर समजावलंय.”

“हौ साहेब, मी होतो ना बाजूला.”

“मग?”

“छान समजावलं होतं तुम्ही.”

“मग झालं तर.” आणि बोटं वाजवायला लागले.

बाहेर गीता उभी होती. दार लावलेलं, पण आमच्या केबिनचं दार म्हणजे प्लायवूडचा पडदा. तिने सगळं ऐकलं होतं.

“काका, तुम्ही घातलंत ते?”

“हौ.”

“गंमत म्हणून?”

“हौ.”

“अकराशे बोर्डांत?”

“एकात घातलं होतं गं. बाकी यांनी घातले.”

ती नुसती बघत राहिली. तेलुगूत, उर्दूत, मराठीत, तिन्हींत मी शिव्या खाल्ल्या आहेत, पण ते बघणं काही वेगळंच होतं. शेवटी म्हणाली, “दोनशे वेळा रीस्टार्ट केलं मी काका. दोन दिवस. हाताने.” आणि जागेवर जाऊन बसली.

संध्याकाळी ओट्यावर मी भाऊंना सगळं सांगितलं. माझं नाव तेवढं घेतलं नाही, ‘एका येड्याने’ म्हणालो. भाऊ शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “तुमचा सायब येडा नाही. आमच्या लायनीत बी तसंच. जुना बोर्ड कुनी काढत नसतंय. साइडिंगचे रूळ उखडून गेले, फाटक गेलं, तरी ‘शिट्टी मारा’ हा बोर्ड उभाच. ड्रायव्हर शिट्टी मारतोय. कुनासाठी? म्हशींसाठी.”

“मग तो बोर्ड कधी काढतात?”

“नवा कागद आला की. जुन्या कागदाला खऱ्यानं काय होतंय रे? नवा कागद लागतंय. शिक्का मारलेला.”

मी कप खाली ठेवला. “भाऊ, अजून अर्धा कप द्या.” चहाला चव आली होती.

बुधवारी सकाळी मी हैदराबादेत जामबागला गेलो. तिथे एक म्हातारे सय्यदसाब रबरी शिक्के करतात. “क्या लिखना मियाँ?” मी म्हणालो, हार्डवेअर विभाग, गोल, मध्ये एक चक्र. “चक्र काइकू?” “वजन आता साब.” त्यांना पटलं. अकरा वाजता शिक्का माझ्या खिशात.

ऑफिसात येऊन गीताला सांगितलं, “ओळीतून पंधरा काढ. त्याजागी घाल: स्टॅबिलाइझ बरोबर हैद दोन.”

“असा ऑप्शनच नाही काका कर्नेलमध्ये.”

“माहीत आहे.”

“काहीच होणार नाही त्याने. ढकलून देईल पुढे.”

“ढकलू दे ना. तुझ्या बापाचं काय जातंय?” मग जीभ चावली, कारण जाणार ते तिच्या बापाचंच होतं.

गीता म्हणाली, “मी सरांशी खोटं बोलणार नाही. कोणी विचारलं तर खरं तेच सांगेन.”

“सांग. खरं सांगून काय होतं ते काल बघितलंस ना?”

मग मी परिपत्रक टाइप केलं. जावक क्रमांक टाकला, तारीख टाकली. मजकूर असा: ‘रूटडिले पंधराची आता आवश्यकता नाही. त्याजागी स्टॅबिलाइझ हैद दोन लावल्यास बोर्ड पूर्वीइतकाच स्थिर राहील, याची विभाग खात्री देतो. हे काढू नये.’ गीताला वाचायला दिलं. तिने तीन वेळा वाचलं, खोटं शोधत. सापडलं नाही. तिच्या ओठाचा एक कोपरा जरा हलला, पण तिने तो आवरला.

शिक्का मारला. सही केली. साहेबांसमोर ठेवलं.

साहेबांनी आधी शिक्का बघितला, मग क्रमांक, मग मजकूर. खुर्चीत मागे टेकले. “बबलूजी, हे असं सांगायचं ना आधी. काल काय ती चेष्टा करत बसलात.”

“चुकलं साहेब.”

“हैद दोन म्हणजे?”

“हैदराबाद. दुसरं.”

“पहिलं?”

“ते टिकलं नाही.”

साहेबांनी जाऊन आपली एकुलती एक आज्ञा टाइप केली. हैद दोन दिसलं. यादीतलं पंधरा खोडून तिथे सुबक अक्षरांत हैद दोन लिहिलं, खूण केली आणि पाणी प्यायले.

गुरुवारी दवाखान्याचा माणूस आला. नाव कुलदीप. हडकुळा, शर्टाच्या खिशात स्क्रूड्रायव्हर. तो स्क्रूड्रायव्हर बघून मी देवाचं नाव घेतलं, कारण प्रेझेंटेशन बघणारे वेगळे असतात आणि हे वेगळे असतात. साहेबांनी लॅपटॉप उघडला तर म्हणाला, “वो बाद में देखते सर,” आणि थेट बोर्डाची वायर उपटली.

परत लावली. मनगटावरचं घड्याळ बघत बसला. साहेबांची बोटं टेबलावर सुरू झाली. गीता भिंतीला टेकून उभी होती, ओढणीचं टोक मुठीत. मी मनात मोजत होतो. सोळा. सतरा.

‘टोकन १.’

“अठारा,” कुलदीप म्हणाला. परत उपटली. अठरा. दहा वेळा उपटली, दहा वेळा अठरा. गीताची मूठ सुटली.

मग त्याने बॅगेतून कीबोर्ड काढून बोर्डाला जोडला आणि टाइप केलं. तीच आज्ञा. साहेबांचीच. साहेबांना आपलं माणूस भेटल्यासारखं झालं, खुर्ची जवळ ओढली.

कुलदीपने स्क्रीनवर बोट ठेवलं. “ये स्टॅबिलाइझ क्या है? मैंने कहीं देखा नहीं.”

साहेब म्हणाले, “आमच्या गीता सांगतील. गीता?”

खोलीतला पंखा फिरत होता. मी डोळ्यांनी गीताला विनवलं. पोरी, कायतरी बोल. व्होल्टेज म्हण. तैवान म्हण.

गीता म्हणाली, “कुछ नहीं करता सर. कर्नेल इसको पहचानता ही नहीं.”

बोटं थांबली. सहा वर्षांत पहिल्यांदा, मधेच.

“तो फिर रखा काइकू?” कुलदीपने विचारलं.

“ऊपर लिखा है सर. काढू नये.”

कुलदीपने फाइल उघडून शेरा बघितला. मान हलवली. “हमारे यहाँ ऐसे तीन हैं,” तो म्हणाला. “एक तो मैंने खुद डाला था. अब मेरे को भी डर लगता निकालने को.” कीबोर्ड बॅगेत टाकला, स्क्रूड्रायव्हर खिशात चाचपला. “टाइम अच्छा है. कागज भेज दो.” चहा न घेता गेला.

दार बंद झालं. साहेब दाराकडेच बघत होते. गीता सरळ उभी राहिली, जे काय होणार ते उभ्यानेच घ्यायचं असं ठरवल्यासारखी. म्हणाली, “सर, त्यांनी विचारलं म्हणून मी खरं ते—”

साहेबांनी हात वर केला. उठले, दाराबाहेर डोकावून कुलदीप गेल्याची खात्री केली आणि आत येऊन हळू आवाजात म्हणाले, “कुछ नहीं करता!”

मी गीताकडे बघितलं, गीताने माझ्याकडे.

“काय चेहरा ठेवलास गं! मी तर घाबरलोच होतो, आता ही सगळं टेक्निक सांगून मोकळी होते. दुसऱ्या कंपनीला दिलं असतं त्याने उद्या. आणि तू म्हणतेस, कुछ नहीं करता! शांतपणे! बबलूजी, शिका जरा. याला म्हणतात गोपनीयता.”

“हौ साहेब,” मी म्हणालो.

“सर, पण ते खरंच काही—”

“बास,” साहेब म्हणाले. “मलासुद्धा सांगू नकोस. ज्याला माहीत असायला पाहिजे त्यालाच माहीत असू दे.”

शनिवारी गीताला पक्कं झाल्याचं पत्र मिळालं. त्यात एक वाक्य साहेबांनी मुद्दाम घातलं होतं, की कंपनीच्या तांत्रिक गुपितांबाबत त्यांचा संयम अनुकरणीय आहे. संध्याकाळी ओट्यावर भाऊंनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं. भागूवहिनींनी शिरा केला होता. त्यांनी विचारलं, “गुपित कंचं गं?” गीता म्हणाली, “कुछ नहीं, आई.”

मग आत गेली आणि एक घडी घातलेला कागद माझ्या बशीशेजारी ठेवला. “काका, हे तुमचं.”

उघडला. जावक क्रमांक, तारीख, सगळं रीतसर. ‘जुन्या अकराशे बोर्डांतील रूटडिले काढण्याचे काम हार्डवेअर विभागाने सोमवारपासून हाती घ्यावे. प्रत्येक ठिकाणी विभागाने स्वतः जावे. प्रत्येक बोर्ड दोनशे वेळा रीस्टार्ट करून बघावा. हाताने.’ खाली हेमंत साहेबांची सही. आणि तिच्याशेजारी गोल शिक्का, मध्ये चक्र.

शिक्का मी दोन दिवस शोधत होतो.

“पोरी, तू खोटं बोलणार नव्हतीस ना?” मी म्हणालो.

“कुठे काय खोटं आहे यात? सरांनी वाचून सही केली.” शिऱ्याची वाटी माझ्याकडे सरकवली. “दोनशे म्हणजे दोनशे हं काका. मी लॉग वाचते.”

हे मी वरंगळहून लिहितोय. मे महिना आहे. हा सदतिसावा बोर्ड, एकशे बारावा रीस्टार्ट. अठरा सेकंदांत येतो. मला नुसतं बसून राहावं लागतं, तर हल्ली टेबलावर बोटं वाजतात माझी.